भुसावळहून ‘स्टार ट्रेक’ क्रूझपर्यंत : जुन्या मालिकेच्या चाहत्यांसाठी समुद्रसफरीची सविस्तर तयारी

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागत असे, तेव्हा मी नववीत होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या ओळीत दोनच टीव्ही होते आणि त्यातल्या एकापुढे सतरंजी अंथरून आम्ही दहाबारा मुले बसत असू. इंग्रजी संवाद अर्धेमुर्धेच समजत. पण ते अवकाशयान, त्याचा कप्तान, टोकदार कानांचा शांत अधिकारी आणि अनोळखी ताऱ्यांकडे निघालेली ती मंडळी मनात घर करून राहिली. रेल्वेच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी, मी आणि माझे पती या मालिकेवर आधारलेल्या क्रूझवर जाऊन आलो. तेव्हापासून जळगाव, अमळनेर, धुळे आणि नंदुरबारकडच्या ओळखीच्या माणसांनी इतक्या वेळा चौकशी केली आहे की सगळी तयारी एकदा क्रमाने लिहून ठेवणे मला गरजेचे वाटले. उदाहरण ‘स्टार ट्रेक’चे असले, तरी इतर कोणत्याही जुन्या मालिकेच्या क्रूझसाठी पायऱ्या जवळपास याच राहतात.

थीम क्रूझ म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे

क्रूझचे जहाज म्हणजे तरंगते हॉटेल, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. क्रूझची हौस सर्वसामान्य अमेरिकी कुटुंबांपर्यंत पोहोचवण्यातही एका टीव्ही मालिकेचाच मोठा वाटा होता. १९७७ साली सुरू झालेली ‘द लव्ह बोट’ ही मालिका ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ या खऱ्या जहाजाच्या नावाने घडते आणि त्या काळात असंख्य प्रेक्षकांना जहाजावरची सुट्टी कशी असते, हे पहिल्यांदा त्या मालिकेतूनच दिसले. ते जहाज २०१३ साली तुर्कस्तानात मोडीत निघाले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांना हळहळ वाटली होती.

मालिकेवर आधारलेली क्रूझ दोन प्रकारची असते आणि पुढचा प्रत्येक निर्णय या फरकावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात आयोजक संपूर्ण जहाज भाड्याने घेतो. जहाजावरचा प्रत्येक प्रवासी त्या मालिकेचा चाहता किंवा त्याच्या घरचा माणूस असतो, उपाहारगृहांना आणि बारना मालिकेतली नावे दिली जातात, कलाकार जहाजावरच राहतात आणि रोजचा कार्यक्रम मालिकेभोवती गुंफलेला असतो. ‘स्टार ट्रेक : द क्रूझ’ ही या प्रकारची सफर आहे. तिची पहिली फेरी जानेवारी २०१७ मध्ये ‘नॉर्वेजियन पर्ल’ या जहाजावरून निघाली आणि कॅप्टन कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर त्या फेरीत सहभागी होते. पुढे ही सफर रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवरून होऊ लागली. दुसऱ्या प्रकारात जहाज नेहमीचेच असते, प्रवासीही सर्व प्रकारचे असतात आणि त्यांच्यात चाहत्यांचा एक मोठा गट असतो, ज्याच्यासाठी ठरावीक सभागृहात वेगळे कार्यक्रम ठेवले जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये मायामीहून निघालेली ‘गोल्डन गर्ल्स’ या मालिकेच्या चाहत्यांची सफर अशी होती. त्या मालिकेच्या चार मुख्य अभिनेत्रींपैकी तेव्हा एकट्या बेटी व्हाइट हयात होत्या. म्हणून त्या सफरीचा सगळा भर प्रश्नमंजूषा, वेशभूषा, नाचगाणे आणि मालिकेतल्या बायका रात्री स्वयंपाकघरात बसून खातात त्या चीजकेकवर होता.

दोन्ही प्रकारांत आनंद आहे; मात्र पहिला बराच महाग असतो, कारण त्याच जहाजाच्या साध्या सफरीच्या भाड्यावर कलाकारांचे मानधन आणि कार्यक्रमांचा खर्च चढतो. आपल्याला कलाकारांना भेटायचे आहे की आपल्यासारख्या चाहत्यांच्या संगतीत आठवडा घालवायचा आहे, हा प्रश्न कुटुंबात बसून आधी मोकळेपणाने सोडवावा. माझे प्रामाणिक मत असे की बरोबर येणाऱ्या जोडीदाराला मालिकेत रस नसेल, तर गटाची सफर निवडावी, कारण पूर्ण भाड्याच्या जहाजावर मालिकेपासून दूर जायला जागा राहत नाही.

निघण्यापूर्वी मालिका पुन्हा पाहावी

हा सल्ला अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तो माझ्या लेखी पहिल्या तीन कामांत येतो. मूळ ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि तिचे तीन सीझनमध्ये ७९ भाग झाले. ती दुसऱ्या सीझनवरच बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि त्यानंतर तिसरा सीझन जाहीर झाला. १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या अवकाशयानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रमोहिमेमुळे. क्रूझवर भेटणारी माणसे या परंपरेतली आहेत. जेवणाच्या टेबलावर ती सहज एखाद्या भागाचा विषय काढतात आणि तो आपल्याला आठवला, की परकेपणा तिथेच संपतो. १९८७ ते १९९४ या काळातली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नंतरची मालिका १७८ भागांची आहे. ती पूर्ण पाहण्याइतका वेळ नसेल, तर निदान त्या वर्षी ज्या कलाकारांची नावे जाहीर झाली आहेत, त्यांचे महत्त्वाचे भाग पाहून घ्यावेत. आम्ही दोघांनी रोज रात्री जेवणानंतर एक भाग असा नेम केला होता आणि तयारीचे ते महिने मला सफरीइतकेच प्रिय आहेत.

पासपोर्ट आणि व्हिसा : क्रूझ ठरवण्याच्याही आधी

येथे क्रम चुकला, तर पुढचे सगळे चुकते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

अशा बहुतेक सफरी अमेरिकेतल्या बंदरांतून, विशेषतः फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरल येथून, हिवाळ्यात निघतात. त्यासाठी भारतीय नागरिकाला अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो. जहाज मेक्सिको, बहामा किंवा कॅरिबियन बेटांना जाऊन पुन्हा अमेरिकेच्या बंदरात येते. म्हणजे आपण एकाच सफरीत अमेरिकेत दोनदा प्रवेश करतो आणि म्हणून व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचा असणे आवश्यक आहे. भारतीयांना मिळणारा बी-वन/बी-टू प्रकारचा व्हिसा सामान्यतः दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. तरीही व्हिसा हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशांचा रकाना स्वतः वाचावा.

खरी अडचण वेळेची आहे. मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात आणि थीम क्रूझच्या केबिन वर्षभर आधी विकल्या जातात. व्हिसा मिळाल्याशिवाय पैसे परत न मिळणारे आरक्षण करू नये, असे अमेरिकी सरकार स्वतःच सांगते. मग करावे काय? माझे उत्तर असे की व्हिसाला क्रूझच्या आधी हात घालावा. पर्यटक व्हिसा एखाद्या विशिष्ट जहाजाला बांधलेला नसतो. ‘पुढच्या हिवाळ्यात एका मालिकेच्या क्रूझवर जाण्याचा विचार आहे’ एवढे अर्जात आणि मुलाखतीत सरळ सांगावे आणि व्हिसा हाती आल्यावर निर्धास्तपणे केबिन निवडावी. सफरीच्या किमान दीड वर्ष आधी ही सुरुवात झाली, तर घाई होत नाही.

पासपोर्ट नसेल, तर अर्ज ऑनलाइन भरून केंद्र निवडावे लागते. खानदेशातल्या लोकांना पूर्वी नाशिकशिवाय पर्याय नसे. आता टपाल कार्यालयांमधूनही सेवा केंद्रे चालतात, म्हणून संकेतस्थळावर जवळचे केंद्र पाहावे. नाव, जन्मतारीख आणि लग्नानंतरचे आडनाव आधार, पॅन व पासपोर्टवर एकसारखे असणे फार महत्त्वाचे आहे. खानदेशात जुन्या दाखल्यांवर नावापुढे ‘बाई’ लागलेले असते आणि नव्या कागदांवर ते गळालेले असते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते आणि ते सरळ करण्यात दोन महिने गेले.

अमेरिकेच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, शुल्क भरून दोन भेटी ठरवाव्या लागतात. पहिली बोटांचे ठसे आणि छायाचित्रासाठी, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. या दोन्ही भेटी शक्यतो लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे गावाहून मुंबईला दोन खेपा होत नाहीत. मुलाखत दोनचार मिनिटांचीच होते. खर्च कोण करणार, किती दिवस राहणार आणि परत येण्यासारखे मागे काय आहे, एवढेच अधिकाऱ्याला समजून घ्यायचे असते. आमच्याकडे निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराची कागदपत्रे आणि बँकेचे उतारे होते. त्यातले एकही पाहिले गेले नाही, पण ती जवळ आहेत या विश्वासाने बोलणे सोपे गेले. मराठीतून मुलाखत हवी असेल, तर तसे सांगता येते आणि त्यात कमीपणा मानू नये.

अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे कोझुमेलसारख्या बेटावर उतरता येते. इतर बंदरांचे नियम मात्र प्रत्येक देशाचे वेगळे असतात आणि ते आयोजकाकडून लेखी मागून घ्यावेत. आणखी एक गोष्ट आपल्याकडचे एजंटही विसरतात. जहाज कोलंबिया किंवा पनामासारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशात थांबणार असेल, तर भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते, म्हणून मार्ग जाहीर होताच हे तपासावे.

आरक्षण : तारीख आणि आयोजक दोन्ही जुळले पाहिजेत

आमचे पहिले आरक्षण चुकले होते. एका एजंटाने जहाजाचे नाव बरोबर घातले, केबिनही बरी दिली, पैसे भरल्याची पावती दिली आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे सहज म्हणून मी पावतीवरची तारीख आयोजकाच्या संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडून पाहिली, तेव्हा लक्षात आले की आमची सफर त्याच जहाजाची, पण मालिकेची फेरी संपल्यानंतरच्या आठवड्यातली साधी फेरी होती. अनामत रक्कम परत मिळण्याची मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस राहिले होते, म्हणून आम्ही वाचलो.

पूर्ण जहाज भाड्याने घेतलेल्या सफरीची तिकिटे जहाज कंपनीच्या नेहमीच्या विक्रीत सहसा नसतात. ती आयोजकाकडूनच किंवा त्याने मान्य केलेल्या एजंटाकडूनच घ्यावी लागतात. म्हणून पुष्टीपत्रावर आयोजकाचे नाव, सफरीचे नाव, निघण्याची तारीख आणि बंदर या चारही गोष्टी स्वतः वाचाव्यात. गटाच्या सफरीत उलट होते. केबिन जहाज कंपनीकडून मिळू शकते, परंतु गटाच्या आयोजकाकडे नोंद नसेल, तर कार्यक्रमांच्या सभागृहात प्रवेश मिळत नाही.

कलाकारांची नावे नेहमी ‘बदल होऊ शकतो’ या अटीवर जाहीर होतात. मूळ मालिकेतले शॅटनर १९३१ चे, वॉल्टर कोनिग १९३६ चे आणि जॉर्ज टाकेई १९३७ चे. या वयात प्रकृती केव्हा साथ देणार नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. एकाच कलाकारासाठी एवढा खर्च करण्याऐवजी एकूण सफर मनापासून आवडेल का, हे पाहावे.

केबिन निवडताना आतली बिनखिडकीची, समुद्र दिसणारी आणि बाल्कनीची असे चढते दर असतात. माझा अनुभव असा की थीम क्रूझवर आपण केबिनमध्ये फक्त झोपायला जातो, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही चाललेले असते. बाल्कनीचे पैसे वाचवून ते छायाचित्र आणि स्वाक्षरीच्या शुल्कासाठी ठेवावेत. जागा मात्र विचारपूर्वक घ्यावी. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. दर नेहमी दोघांच्या केबिनमागे माणशी सांगितला जातो. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक वेळा दुसऱ्या खाटेचेही पैसे भरावे लागतात.

पैशांचा हिशेब

जाहिरातीतली रक्कम हा खर्चाचा एक भाग असतो. तीत बंदर कर, रोजची सेवा-रक्कम (साधारणपणे माणशी दररोज १५ ते २० डॉलर), पेये, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, छायाचित्रे आणि स्वाक्षऱ्या, विमान प्रवास, निघण्याआधीच्या दोन रात्रींचे हॉटेल, व्हिसा आणि विमा हे सगळे मिळवावे. वहीत दोन रकाने आखून एका बाजूला ‘भरलेले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जहाजावर भरायचे’ असे लिहिले, की घरच्यांपुढे खरा आकडा येतो.

हप्ते डॉलरमध्ये असतात आणि शेवटचा हप्ता काही महिन्यांनी येतो. तोवर रुपयाचा भाव बदललेला असू शकतो, म्हणून थोडी रक्कम वाढवून धरावी. क्रेडिट कार्डाने भरल्यास बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर सामान्यतः दोन ते साडेतीन टक्के अधिक घेतात. भारतीय एजंटामार्फत परदेशी सहलीचे पॅकेज घेतले, तर टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) आगाऊ वसूल केला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, परंतु ती रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळती करून मिळते. प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ, जहाजावरचे वैद्यकीय उपचार आणि आणीबाणीत किनाऱ्यावर नेण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, हे शब्दाशब्दाने पाहावे. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, पण महाग असतो, आणि साठीच्या आसपासच्या माणसांनी या बाबतीत काटकसर करू नये.

आधी मुंबईहून एक छोटी सफर

आमच्यासारख्या तापीकाठच्या माणसांचा समुद्राशी संबंध क्वचितच येतो. लाखो रुपये भरून कॅरिबियनमध्ये पोहोचावे आणि पहिल्याच रात्री कळावे की आपल्याला जहाज लागते, हे फार वाईट. त्यासाठी मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझची दोन रात्रींची सफर करून पाहावी. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यातले आहे, त्यामुळे केबिनची मांडणी आणि जेवणाची पद्धत यांची सवय घरच्या खर्चात होऊन जाते. माझ्या पतींना गोव्याच्या वाटेवर मळमळले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतली तरच उपयोग होतो, नंतर नाही, हे आम्ही तिथेच शिकलो. डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहणे, पोट रिकामे न ठेवणे आणि आल्याचा तुकडा चघळणे यांचाही फायदा होतो.

पोशाख

थीम क्रूझवर पोशाख सक्तीचा नसतो, तरी तो घालावाच, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अनोळखी माणसाशी बोलायला त्याच्याइतका सोपा पूल दुसरा नाही. ‘स्टार ट्रेक’मध्ये रंगांना अर्थ आहे. मूळ मालिकेत सोनेरी रंग कप्तान आणि नियंत्रण विभागाचा, निळा विज्ञान व वैद्यकाचा, लाल अभियांत्रिकी व सुरक्षेचा. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये सोनेरी आणि लाल यांची अदलाबदल होते. त्यामुळे एका मालिकेचा रंग आणि दुसऱ्या मालिकेचे कापड असा घोळ होऊ देऊ नये. गंमत अशी की कर्कचा सोनेरी सदरा प्रत्यक्षात हिरवट कापडाचा होता आणि दिव्यांच्या प्रकाशात तो पडद्यावर सोनेरी दिसत असे.

पहिल्या दोन सीझनमधले सदरे वेलूर या मखमलीसारख्या कापडाचे होते. ते सुंदर दिसते, पण कॅरिबियनच्या दमट हवेत अंगाला चिकटते. तिसऱ्या सीझनसारखे विणीचे, ताणले जाणारे कापड घ्यावे. मी निळा रंग निवडला आणि आमच्या नेहमीच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे मालिकेतले चित्र घेऊन गेले. काळी पट्टी गळ्याला हवी, बाह्यांच्या टोकाला सोनेरी नागमोडी वेणी हवी आणि मूळ पोशाख आखूड असला तरी मला तो गुडघ्याखालपर्यंत कुर्त्यासारखा हवा, असे सांगितले. मावशींनी चित्र चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ताई, हा कुठल्या शाळेचा युनिफॉर्म?” मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली; ती त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून ऐकली आणि मग वेणी हाताने, एकही टाका वर न दिसता बसवून दिली.

छातीवरचे बोधचिन्ह आम्ही जळगावच्या सराफ बाजारातल्या एका कारागिराकडून पितळेचे करून घेतले. बाणाच्या टोकासारखा तो आकार सोपा वाटतो, पण त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि आतले चिन्ह विभागाप्रमाणे बदलते. नियंत्रण विभागाला लांबट तारा असतो, विज्ञान विभागाला लंबवर्तुळ. कारागिराला मी पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला होता. त्याने पत्रा कापला, कडा कानशीने गोल केल्या, मागे टाचणी झाळून दिली आणि पुठ्ठा परत करताना म्हणाला, की डावीकडचा वळसा तुम्ही थोडा जास्त काढला होता, तो मी चित्र पाहून कमी केला आहे. जहाजावर मला सर्वांत जास्त वेळा विचारले गेले, ते त्या पितळी चिन्हाविषयी.

खेळण्यातली असली तरी शस्त्रासारखी दिसणारी वस्तू नेऊ नये; विमानतळावर आणि बंदरावर ती काढून घेतली जाते. एक रात्र रंगीबेरंगी, सुट्टीच्या कपड्यांची असते, तीत मी साधी सुती साडी नेसून तिच्यावर ते चिन्ह लावले होते. आपल्या कपड्यांना तिथे उत्तम मान मिळतो.

सामान आणि शिदोरी

अमेरिकेत ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून रावेर-यावलची केळी किंवा मेहरूणची बोरे घरीच राहू द्यावीत. जहाजावर घरी शिजवलेले अन्नही चालत नाही. कारखान्यात बंद केलेली पाकिटे मात्र बहुधा चालतात. आम्ही शेव आणि शेंगदाण्याची चटणी सीलबंद नेली आणि विमानतळावरच्या घोषणापत्रात ‘खाद्यपदार्थ आहेत’ असे प्रामाणिकपणे लिहिले. विचारपूस दोन मिनिटांत संपली. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटावे. मोठ्या जहाजांवर भारतीय पद्धतीची भाजी-डाळ रोज करून देतात, पण ती आदल्या दिवशी सांगावी लागते. तिखट अर्थातच आपले नसते, म्हणून ती चटणी.

रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतल्या जातात आणि केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात. पासपोर्ट, औषधे आणि पहिल्या रात्रीचा पोशाख जवळच असावा. अमेरिकी पिनांचा अडॅप्टर लागतो. इस्त्री आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड जप्त होतात.

भुसावळ ते बंदर

रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत उतरून त्याच रात्रीचे विमान धरणे सोयीचे आहे. नोकरीत शिकलेली एक गोष्ट येथे सांगते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिरा येतात, म्हणून अमरावती–मुंबईसारखी विदर्भातून सुटणारी गाडी घ्यावी. नंदुरबार, दोंडाईच्याच्या लोकांना सुरतमार्गे मुंबई गाठता येते आणि धुळेकरांना मुंबई–आग्रा महामार्ग जवळचा.

मुंबईहून फ्लोरिडाला थेट विमान नाही. युरोप, आखात किंवा अमेरिकेतच बदलावे लागते. फ्लोरिडाचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. जहाज कोणासाठीही थांबत नाही, म्हणून किमान दोन दिवस आधी पोहोचावे. बंदर पोर्ट कॅनाव्हरल असेल, तर त्यातला एक दिवस जवळच्या केनेडी स्पेस सेंटरला द्यावा; तिथे ‘अटलांटिस’ हे खरे स्पेस शटल हाताच्या अंतरावरून पाहता येते.

जहाजावरचे दिवस

चढल्यावर सर्वांत आधी सुरक्षेचा सराव पूर्ण करावा. तो सक्तीचा आहे आणि त्यात आपल्या जमण्याची जागा प्रत्यक्ष पाहून ठेवावी. मोबाईल लगेच विमान-स्थितीत टाकावा, कारण समुद्रावरचे मोबाईल जाळे आपोआप जोडले गेले, तर बिल फार मोठे येते.

कार्यक्रमपत्रिका हातात आली, की सगळे करण्याचा मोह होतो. मोठ्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमांसाठी बहुतेक वेळा प्रवाशांचे दोन गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाची वेळ ठरलेली असते. त्या वेळा आधी वहीत लिहाव्यात आणि उरलेल्या वेळेत रोज दोनच गोष्टी निवडाव्यात. छायाचित्र आणि स्वाक्षरीच्या रांगा जहाज बंदरात असताना लहान असतात. आम्ही एका बंदरावर उतरलोच नाही आणि तो दिवस सर्वांत चांगला गेला. मात्र उतरलात, तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि परतण्याच्या वेळेच्या तासभर आधी यावे.

कलाकार लिफ्टमध्ये, नाश्त्याच्या रांगेत, डेकवर भेटतात. त्यांना हसून नमस्कार करावा आणि जेवताना त्यांचे छायाचित्र घेऊ नये. चाहते एकमेकांना चार बोटांची मधोमध फट करून अभिवादन करतात. टोकदार कानांच्या अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी ती खूण लहानपणी ज्यू प्रार्थनागृहात पुरोहित आशीर्वाद देताना पाहिलेल्या हातावरून घेतली होती. पहिल्या सकाळी चहा घेताना समोरच्या टेबलावरच्या एका वृद्ध बाईंनी मला तसा हात केला. माझी बोटे नीट वळेनात. त्या उठून आल्या, माझी करंगळी आणि अनामिका हलकेच एकत्र धरली आणि सरावाने जमते म्हणाल्या. पुढचे सहा दिवस आम्ही नाश्ता त्यांच्याबरोबर केला. त्या १९७२ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या मोठ्या ‘स्टार ट्रेक’ संमेलनाला गेल्या होत्या, आणि त्यांच्याकडून जे ऐकायला मिळाले, ते कोणत्याही व्यासपीठावर ऐकायला मिळाले नाही.

सफरीच्या मध्यावर पुढच्या वर्षीच्या केबिनची नोंदणी जहाजावरच सुरू होते आणि आधीच्या प्रवाशांना प्राधान्य मिळते. पुन्हा जायची थोडी जरी शक्यता असेल, तर अनामत रक्कम किती दिवसांपर्यंत परत मिळते, हे लेखी घेऊन नोंद करावी. व्हिसा हाताशी असल्याने या वेळी वाट पाहावी लागत नाही. शेवटच्या रात्री जहाजाचे बिल ओळीनओळ वाचून चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावे आणि घरी आल्यावर एजंटाकडून टीसीएसचे प्रमाणपत्र मागून विवरणपत्राच्या फाइलीत लावावे.